टेक्सासमध्ये परमिटची अट गेली, मग ग्रीन कार्डवाल्याने गन कमरेला लावून फिरायचं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नीट समजलेय की नाही ते तुम्हालाही कळेल. डॅलसजवळ तुमचं गॅस स्टेशन आहे, रात्री उशिरा तुम्हीच बंद करता, ग्रीन कार्ड नुकतंच आलंय. पुढच्या चौकातल्या स्टोअरमध्ये रॉबरी झाली तेव्हापासून घरच्यांचा जीव टांगणीला लागलाय. कोणीतरी सांगितलं की टेक्सासमध्ये २०२१ पासून परमिट लागत नाही, गन घ्या आणि कमरेला लावा. मग लायसन्स टू कॅरीचा, म्हणजे हँडगन अंगावर बाळगायच्या राज्याच्या लायसन्सचा, क्लास करणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे का, तुमच्याकडे राहून एमएस करणाऱ्या भाच्याला शूटिंग रेंजवर नेलं तर चालेल का, आणि पोलिसांनी गाडी थांबवली तर गन आहे हे सांगायचं का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

मी ह्यूस्टनकडे लायसन्स टू कॅरीची इन्स्ट्रक्टर आहे, डीपीएसकडून, म्हणजे राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याकडून, सर्टिफाइड. माझ्या क्लासला आपली मंडळी बरीच येतात, मोटेलवाले, स्टोअरवाले, आयटीवाले, हल्ली नवरा-बायको जोडीने येणारेही खूप. मी वकील नाही, त्यामुळे तुमच्या इमिग्रेशन फाइलवर शेवटचा शब्द तुमच्या इमिग्रेशन वकिलाचाच. पण कायद्यातला हा बदल वाचायचा कसा हे मी रोज शिकवते, आणि तुम्हाला मिळालेला सल्ला अर्धाच आहे म्हणून जरा लांबलचक लिहिते.

पहिली गोष्ट अशी की तुम्हाला ज्यासाठी गन हवीये त्यासाठी २०२१ चा बदल लागतच नव्हता. टेक्सासच्या पीनल कोडचं कलम ४६.०२ पूर्वीपासून सांगतं की तुमची स्वतःची जागा किंवा तुमच्या ताब्यातली जागा, म्हणजे तुमचं स्टोअर, तुमचं घर, तिथे हँडगन बाळगायला लायसन्स नको. तिथून सरळ गाडीकडे जायलाही नको. आणि २००७ पासून गाडीतही नको, नजरेला पडणार नाही अशी ठेवली की झालं. म्हणजे स्टोअर बंद केलं, शटरला कुलूप लावलं, गाडीत बसलात, घरी आलात, हा अख्खा रस्ता राज्याच्या कायद्यात लायसन्सशिवाय आधीही मोकळा होता (फेडरल कायद्याची शाळेची अडचण वेगळी, ती पुढे येतेय). २०२१ ने जे बदललं ते या रस्त्याच्या बाहेरचं आहे. ग्रोसरीला गेलात, मंदिरात गेलात, बाहेर जेवायला गेलात, मुलाला शाळेतून आणायला गेलात, तेव्हाचं. आणि अडकायला होतं ते नेमकं तिथेच. म्हणून मी क्लासमध्ये पहिल्याच तासाला विचारते की गन तुम्हाला कुठे लागणार आहे ते सांगा, मग आपण कायदा उघडू.

आता बदल नक्की काय झाला ते बघू. हाऊस बिल १९२७, गव्हर्नर अ‍ॅबट यांनी जून २०२१ मध्ये सही केली, १ सप्टेंबर २०२१ पासून लागू. त्याआधी टेक्सासच्या कायद्याची बांधणी अशी होती की हँडगन अंगावर बाळगणं हा मुळात गुन्हा, आणि लायसन्स हा त्याला अपवाद. ही मूळ बंदी पार १८७१ पासूनची. आणि लायसन्सचा अपवाद आला १९९५ मध्ये. त्यामागे मोठी दुःखद घटना होती, १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीन गावात लुबीज कॅफेटेरियात एकाने २३ माणसं मारली. सुझाना हप नावाच्या बाई तिथे आईवडिलांबरोबर जेवत होत्या. त्यांची गन होती, पण तेव्हा अंगावर बाळगणं बेकायदेशीर म्हणून ती गाडीत ठेवलेली. आईवडील दोघंही गेले. त्या नंतर वर्षानुवर्षं ठिकठिकाणी जाऊन साक्ष देत राहिल्या, आणि जॉर्ज डब्ल्यू. बुश गव्हर्नर असताना लायसन्सचा कायदा झाला, १ जानेवारी १९९६ पासून लागू. पुढे २०१६ मध्ये लायसन्सवाल्यांना उघड्यावर होल्स्टरमध्ये, म्हणजे गनच्या म्यानात, बाळगायची मुभा मिळाली. मग २०२१ मध्ये मूळ बंदीच बदलली, की एकवीस वर्षं पूर्ण असलेला आणि गन बाळगायला कायद्याने बंदी नसलेला माणूस लायसन्सशिवायही अंगावर हँडगन बाळगू शकतो, दिसत असेल तर मात्र होल्स्टरमध्ये हवी.

हे वाक्य वाचताना लोक "लायसन्सशिवाय" वर थांबतात. मी थांबते "बंदी नसलेला" या दोन शब्दांवर. कारण पूर्वी ही चाळणी सरकार लावायचं, तुमचे फिंगरप्रिंट घेऊन, बॅकग्राउंड चेक करून, आणि कार्ड हातात आलं की तुम्हाला कळायचं की मी पात्र आहे. आता ती चाळणी तुम्ही स्वतःला स्वतःच लावायची आहे आणि चुकलात तर पहिल्यांदा कळणार ते अटक झाल्यावर. उदाहरण देते. मागच्या पाच वर्षांत मारामारीत कोणाला दुखापत केल्याबद्दल, किंवा धमकीबद्दल, किंवा सार्वजनिक ठिकाणी गन दाखवून दहशत केल्याबद्दल शिक्षा झालेली असेल, तर तो माणूस घरात गन ठेवू शकत असला तरी बाहेर अंगावर बाळगू शकत नाही. पार्किंग लॉटमध्ये झालेली हातापायी, दंड भरून विसरून गेलेले, असे लोक असतात बरं. घरगुती हिंसेची केस असेल तर विषय आणखी गंभीर, तिथे फेडरल कायदा येतो आणि तो बहुतेक वेळा जन्मभराचा असतो.

वयाचं थोडक्यात सांगते कारण याच गोष्टीवरून कायदा कसा वाचावा ते कळतं. पुस्तकात एकवीस लिहिलंय. पण ऑगस्ट २०२२ मध्ये फेडरल कोर्टाने १८ ते २० वयाच्या लोकांवरची ही बंदी घटनाबाह्य ठरवली, राज्याने अपील केलं आणि डिसेंबरमध्ये मागे घेतलं. त्याच्या आधी जूनमध्ये सुप्रीम कोर्टाचा ब्रुएनचा निकाल, की घराबाहेर गन बाळगणं हा घटनेने दिलेला हक्क आहे, आलेला होता, हे सगळं त्याच लाटेतलं. म्हणजे छापील कलम एक सांगतं आणि प्रत्यक्ष चालू आहे ते वेगळं. तेव्हा नुसतं कलम गूगल करून निर्णय घेऊ नका, त्यावर कोर्टात काय झालंय ते पण बघा. आणि टेक्सासची विधानसभा विषम वर्षी भरते, बरेचसे नवे कायदे १ सप्टेंबरला लागू होतात, त्यामुळे दर विषम वर्षाच्या सप्टेंबरमध्ये एकदा पुन्हा तपासायचं.

आता लायसन्सचा क्लास. परमिट लागत नाही हे खरं, पण ते कार्ड नुसती परवानगी देत नव्हतं, त्याला आणखी तीनचार गोष्टी बांधलेल्या होत्या, त्या अजूनही त्या कार्डालाच बांधलेल्या आहेत.

सगळ्यात मोठी शाळेची. फेडरल कायद्यात गन-फ्री स्कूल झोन्स अ‍ॅक्ट आहे. शाळेच्या आवारापासून १००० फुटांच्या आत, म्हणजे साधारण तीनशे मीटर, गन बाळगणं हा फेडरल गुन्हा, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. त्यातून सुटका कोणाला, तर खाजगी जागेत असलेल्याला, गन रिकामी करून कुलूपबंद डब्यात ठेवणाऱ्याला, आणि त्या राज्याने लायसन्स दिलेल्या माणसाला. टेक्सासने परमिटशिवाय परवानगी दिली म्हणजे तुम्हाला लायसन्स दिलं असं होत नाही. फ्रिस्को, प्लेनो, आयर्व्हिंग, कुठलाही सबर्ब घ्या आणि मॅपवर प्रत्येक शाळेभोवती तीनशे मीटरचं वर्तुळ काढून बघा, तुमच्या स्टोअरपासून घरापर्यंत त्यातल्या किती वर्तुळांतून गाडी जाते ते दिसेल. मी क्लासमध्ये हे प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या फोनवर करायला लावते. काही जण म्हणतात की हा कायदा कोर्टाने रद्द केला होता ना. हो, केला होता, आणि ती केस आपल्या टेक्सासचीच, सॅन अँटोनियोच्या हायस्कूलमधला लोपेझ नावाचा विद्यार्थी, सुप्रीम कोर्टाचा निकाल १९९५ चा. पण पुढच्याच वर्षी काँग्रेसने शब्द दुरुस्त करून तो परत आणला आणि तो आजही आहे. माझ्या बघण्यात निव्वळ या एका कलमाखाली रस्त्यावरून जाणाऱ्याला धरलंय असं झालेलं नाही, दुसऱ्या कशाला तरी जोडून लावतात. पण ग्रीन कार्डवाल्याने "सहसा धरत नाहीत" याच्या भरवशावर राहू नये, ते का ते पुढे येतंय.

दुसरी गोष्ट पाट्यांची. दुकानं, मॉल, मंदिर, कोणीही आपल्या जागेत गन नको म्हणू शकतं. लायसन्स नसलेल्यांसाठी ३०.०५ ची पाटी, लायसन्सवाल्याने लपवून बाळगलेल्या गनसाठी ३०.०६ ची, उघड बाळगलेल्यासाठी ३०.०७ ची. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, एक इंच उंचीची अक्षरं. लायसन्सवाल्याला नुसती ३०.०५ ची पाटी अडवत नाही, तुम्हाला लायसन्स नसेल तर अडवते. पाटी असून आत गेलात तर २०० डॉलरपर्यंतचा दंड, पण कोणी तोंडावर सांगितलं की बाहेर जा आणि तुम्ही गेला नाहीत तर तोच गुन्हा एकदम क्लास ए होतो, वर्षभरापर्यंत तुरुंग आणि ४००० डॉलरपर्यंत दंड. तेव्हा कोणी सांगितलं तर वाद नाही घालायचा, "सॉरी" म्हणून लगेच बाहेर पडायचं, कायद्याचा मुद्दा बरोबर असला तरी.

तिसरी, राज्याबाहेरची. ओक्लाहोमात २०१९ पासून परमिट लागत नाही, लुइझियानात २०२४ पासून. पण न्यू मेक्सिकोत लपवून बाळगायला लायसन्स लागतं आणि ते टेक्सासचं लायसन्स मानतात. म्हणजे सांता फेला फिरायला निघालात तर कार्ड असलेला आणि नसलेला यांची गोष्ट सीमेवर वेगवेगळी होते. शिवाय कार्ड असलं की गन विकत घेताना दुकानातला बॅकग्राउंड कॉल परत करावा लागत नाही, ही छोटी सोय.

आणि खर्च म्हणाल तर राज्याची फी ४० डॉलर, २०१७ च्या आधी ती १४० होती. क्लास चार ते सहा तासांचा, त्यात लेखी परीक्षा आणि ५० गोळ्यांची नेमबाजी, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. क्लासची आणि फिंगरप्रिंटची फी वेगळी. तुमच्या परिस्थितीत मी याला पैसे वाया म्हणणार नाही.

जागांची यादी मोठी आहे, सगळी इथे देत नाही. कोर्ट, मतदान केंद्र, विमानतळाचा सिक्युरिटीच्या आतला भाग, लाल ५१% ची पाटी असलेले, म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूतून असलेले, बार, खेळांचे सामने, या ठिकाणी लायसन्स असो नसो आत गन न्यायची नाही. फेडरल इमारतीत नाही, म्हणजे सिटिझनशिपच्या बायोमेट्रिक्सला किंवा इंटरव्ह्यूला जाताना गन घरी. आणि नशेत असताना सार्वजनिक ठिकाणी अंगावर गन हा २०२१ च्याच कायद्याने आणलेला स्वतंत्र गुन्हा आहे, तो लायसन्सवाल्यालाही लागतो, तेव्हा जेवणाबरोबर घेणार असाल तर गन आधीच घरी ठेवून निघा.

एक जागा मात्र सविस्तर सांगते कारण आपल्या लोकांची गल्लत तिथेच होते. मंडळाचा गणपती. बऱ्याच ठिकाणी मंडळ हायस्कूलचं ऑडिटोरियम भाड्याने घेतं. रविवार असतो, शाळेचं एकही पोर नसतं, दारात रांगोळी, आत ढोलताशा, लॉबीत वडापावचा स्टॉल, आणि माणसाच्या डोक्यात असतं की हा आपला कार्यक्रम आहे, शाळेचा नाही. कायद्याला त्याचं काही नाही. इमारत शाळेची आहे, शाळेने लेखी परवानगी दिली नसेल तर आत गन नेणं हा पीनल कोडच्या कलम ४६.०३ खाली फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, आहे, लायसन्स असलं तरी. पार्किंग लॉट राज्याच्या कायद्यात इमारतीत धरत नाहीत, त्यामुळे लायसन्सवाला ती गाडीत कुलपात ठेवून आत जाऊ शकतो. लायसन्स नसलेला त्याच पार्किंगमध्ये भरलेली गन घेऊन उभा असेल तर राज्याच्या कायद्यात सुटेल पण वरचा फेडरल स्कूल झोन त्याला लागतोच, त्याने आधीच गोळ्या काढून, कुलूपबंद डब्यात ठेवून यायला हवं, किंवा सरळ घरी ठेवून. तेच मंदिर म्हटलं तर वेगळं, प्रार्थनास्थळं २०१९ मध्ये बंदीच्या यादीतून काढली, आता मंदिराच्या विश्वस्तांनी काय पाटी लावली किंवा काय सांगितलं त्यावर ठरतं. पण मंदिराच्या आवारात शाळा भरत असेल तर पुन्हा प्रश्न उभा राहतो. माझा सल्ला, विश्वस्तांना विचारा, ती त्यांची जागा आहे.

आता ग्रीन कार्ड, आणि इथेच खरी मेख आहे. ग्रीन कार्डवाला गन घेऊ शकतो, बाळगू शकतो, लायसन्स काढू शकतो, त्यात शंका नाही. दुकानात गन खरेदीचा फेडरल फॉर्म ४४७३ भरताना नागरिकत्वाचा रकाना खरा भरायचा, एलियन रजिस्ट्रेशन नंबर द्यायचा, ड्रायव्हिंग लायसन्सवर सध्याचा पत्ता असावा. इथपर्यंत तुम्ही आणि तुमचा अमेरिकन शेजारी सारखेच.

फरक पडतो चूक झाल्यावर. ज्या क्लास ए गुन्ह्यात शेजारी दंड भरून, थोडं प्रोबेशन करून मोकळा होतो, तो गनशी संबंधित असेल तर तुमच्यासाठी डिपोर्टेशनचं स्वतंत्र कारण ठरतो. इमिग्रेशन कायद्यात हे स्पष्ट आहे, अमेरिकेत प्रवेश दिल्यानंतर गन बेकायदेशीरपणे विकत घेणं, जवळ ठेवणं, अंगावर बाळगणं, यातल्या कशाबद्दलही कन्व्हिक्शन झालं, म्हणजे कोर्टात दोषी ठरलात, तर देशाबाहेर काढता येतं. गोळी झाडली का, कोणाला लागली का, याच्याशी काही संबंध नाही. किती वर्षं इथे आहात, मुलं इथे जन्मली का, स्टोअर कोणाच्या नावावर आहे, याने ते कारण नाहीसं होत नाही.

आणि यातला सगळ्यात वाईट सापळा म्हणजे डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन. टेक्सासमध्ये पहिल्या छोट्या गुन्ह्याला हा पर्याय सर्रास देतात. तुम्ही गुन्हा कबूल करायचा, जज शिक्षा जाहीर न करता काही महिन्यांची देखरेख लावतो, ती नीट पार पडली की केस डिसमिस. राज्याच्या हिशोबात हे कन्व्हिक्शन नाही आणि वकील सांगतो की रेकॉर्ड स्वच्छ राहील. इमिग्रेशनच्या हिशोबात मात्र गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने काहीतरी बंधन घातलं, एवढं पुरे, ते कन्व्हिक्शन धरतात. लोकांना हे पाचसहा वर्षांनी सिटिझनशिपचा एन-४०० भरताना किंवा भारतातून परत येताना एअरपोर्टवर कळतं. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये पडिला या केसमध्ये सांगितलंय की क्रिमिनल वकिलाने आपल्या अशिलाला डिपोर्टेशनच्या धोक्याची कल्पना दिलीच पाहिजे. तरी तुम्ही स्वतःहून पहिल्याच वाक्यात सांगा की मी सिटिझन नाही, आणि इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका, डील कितीही चांगलं वाटलं तरी.

त्यामुळे इतकंच म्हणेन की तुमच्यासाठी मोकळा रस्ता आहे तो स्टोअर, गाडी आणि घर, आणि लायसन्स नसताना गाडी शाळेच्या वर्तुळातून जाणार असेल तर गन रिकामी करून कुलूपबंद डब्यात. त्याच्या बाहेर बाळगायचं असेल तर आधी लायसन्स, मग बाकीचं.

भाचा. नाही, त्याला नेऊ नका. एफ-१, एच-१बी, एच-४, एल-१, व्हिजिटर व्हिसा, हे सगळे नॉन-इमिग्रंट, आणि फेडरल कायदा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला गन किंवा गोळ्या जवळ ठेवायला बंदी घालतो, शिक्षा २०२२ पासून पंधरा वर्षांपर्यंत. रेंजवर दहा मिनिटं भाड्याची गन हातात घेणं हेसुद्धा जवळ ठेवणंच आहे, आणि तो कोणत्या व्हिसावर आहे हे माहीत असताना तुम्ही आपली गन त्याच्या हातात दिलीत तर तो तुमचाही गुन्हा. अपवाद आहे, अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स असेल तर, आणि काही विद्यार्थी तेवढ्यासाठी ते काढतातही. पण ज्या मुलाने लाखो रुपयांचं कर्ज काढून एमएसला अ‍ॅडमिशन घेतलीये त्याने फोटोसाठी हा धोका पत्करावा असं मला अजिबात वाटत नाही. रेंजवाले प्रत्येक वेळी व्हिसा विचारतीलच असं नाही, आणि नंतर तेच फोटो इन्स्टावर जातात. मला ही मुलं दिसली की पोटात गोळा येतो. ईएडी, म्हणजे वर्क परमिटचं कार्ड, आलेल्यांनीही लक्षात घ्या, आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज, पेंडिंग म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे, एच-१बी वर असाल तर तुम्ही अजून नॉन-इमिग्रंटच.

आणि भाचा तुमच्याच घरात राहतो म्हणून पुढचा प्रश्न तुम्ही विचारला नसला तरी सांगते. गन त्याच्या हाताशी असेल, म्हणजे उघड्या ड्रॉवरमध्ये, किंवा तिजोरीचा नंबर त्यालाही माहीत असेल, तर ती त्याच्याही ताब्यात आहे असं कोर्टात म्हणता येतं. तेव्हा छोटी तिजोरी घ्या, नंबर तुमचा तुमच्याकडे. आईवडील भारतातून सहा महिने येतात तेव्हाही हेच, तेही व्हिजिटर व्हिसावर असतात. घरात सतरा वर्षांखालचं मूल असेल तर वेगळं कलम आहे, भरलेली गन मुलाच्या हाती लागली तर गुन्हा तुमचा. आपल्याकडे भारतात १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टखाली गन घरात ठेवायलाच लायसन्स लागतं, त्यामुळे लायसन्स असलेला माणूस आणि ती बंदूक असं एकास एक नातं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं असतं. इथे घरात ठेवायला लायसन्स नाही, म्हणून घरातल्या कोणीही हात लावला तर चालतो असा समज होतो, तो काढून टाका.

रेंजवर जाणाऱ्यांना आणखी एक, रेंजची बॅग भारतात न्यायच्या सामानासाठी वापरू नका. कप्प्यात विसरलेली एक जिवंत गोळी मुंबई एअरपोर्टवर स्कॅनरमध्ये सापडली की आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा नोंदवतात, आणि मग सुट्टी पोलीस स्टेशन आणि कोर्टात जाते. ती बॅग वेगळ्या रंगाची घ्या आणि गॅरेजमध्येच ठेवा.

गन वापरायची कधी हा पूर्ण वेगळा विषय आहे, पीनल कोडचा नववा भाग. २०२१ च्या बिलाने लोकांना वाटतं तसं तिथे काही सैल केलेलं नाही. दुकानात चोर बिअरचं केस उचलून पळाला म्हणून त्याच्या मागे गन घेऊन पार्किंगमध्ये धावणं आणि समोर कोणी तुमच्यावर पिस्तूल रोखून उभं असणं, यात जमीनअस्मानाचा फरक आहे, त्यावर क्लासचा मोठा भाग जातो, तो तुम्ही समोर बसूनच ऐका. तोपर्यंत गन नसतानाही करता येण्यासारखं बरंच आहे. रजिस्टरमध्ये कमी कॅश, बंद करताना दोन माणसं, बाहेरचे दिवे, आणि बँकेत कॅश भरायची वेळ रोज बदलायची.

राहिला पोलिसांचा प्रश्न. लायसन्सवाल्याने अंगावर गन असताना ऑफिसरने ओळखपत्र मागितलं तर ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर गनचं कार्डही दाखवायचं असतं. लायसन्स नसलेल्यावर आपणहून सांगायची सक्ती टेक्सासमध्ये नाही. पण मी सगळ्यांना सांगते की सांगा. गाडी बाजूला घ्या, रात्र असेल तर आतला दिवा लावा, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर वरच्या बाजूला, आणि ऑफिसर आला की शांतपणे सांगा की गाडीत फायरआर्म आहे, कुठे आहे, आणि मी हात कुठे नेऊ ते तुम्ही सांगा. त्याला सुरक्षेसाठी गरज वाटली तर तो ती तात्पुरती काढून घेऊ शकतो, हा अधिकार याच २०२१ च्या कायद्यात दिलेला आहे, तेव्हा वाद नको. आणि आजच एक करून टाका, इन्शुरन्सचं कार्ड ग्लोव्ह बॉक्समधून काढून वर सन व्हायझरला लावा. गन ग्लोव्ह बॉक्समध्ये आणि कागदही तिथेच, आणि ऑफिसरने कागद मागितल्यावर तुमचा हात तिकडे जातोय, ही वेळ यायलाच नको.